वर्गात समजतं पण घरी गणित सुटत नाही, मग अडतं कुठे?

आधी तुझा प्रश्न, मला समजला तसा. वर्गात फळ्यावर सोडवलेलं सगळं कळतं, घरी गृहपाठाला बसलं की पहिली ओळच सुचत नाही, शेवटी उत्तर बघितलं की "अरे हे तर येत होतं" असं वाटतं. बीजगणितात चिन्हं चुकतात आणि भूमितीत सिद्धता कुठून सुरू करायची तेच कळत नाही. सोबत दोन गणितं दिलीयेस, एक सायकलवाल्याचं आणि एक समांतरभुज चौकोनाचं. मी बावीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना गणित शिकवतोय आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अगदी हुशार म्हणवणारी मुलंसुद्धा, त्यामुळे आपणच ढ आहोत वगैरे डोक्यातून काढून टाक.

"हे तर येत होतं" ही भावना मात्र फसवी आहे. सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा प्रत्येक ओळीआधी एक निर्णय झालेला असतो, की आता दोन्ही बाजूंना कशाने गुणायचं, कुठले दोन त्रिकोण बघायचे, कुठली रेघ काढायची. तो निर्णय सरांच्या डोक्यात होतो आणि फळ्यावर फक्त त्याचा परिणाम उमटतो. तू परिणाम तपासतोस, तो बरोबर असतो म्हणून समजल्यासारखं वाटतं. घरी तो निर्णय तुला घ्यायचा असतो आणि त्याची प्रॅक्टिस झालेलीच नसते.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार. अडलास की वहीच्या मार्जिनमध्ये एका वाक्यात लिही की नेमकं काय अडलंय. "मला हे गणित येत नाही" हे वाक्य चालणार नाही. "वेळ कमी लागला हे समीकरणात कसं लिहायचं कळत नाहीये" हे चालेल. "हे दोन कोन समान आहेत हे दाखवता आलं तर पुढचं येईल" हे तर फारच छान. माझ्या अनुभवात अर्ध्या वेळेला हे वाक्य लिहिता लिहिताच पुढची ओळ सुचते, आणि नाही सुचली तरी कोणाला काय विचारायचं ते तरी कळतं.

आता सायकलवाला घेऊ. एक जण ६० किमी जातो, वेग ताशी ३ किमीने जास्त असता तर १ तास आधी पोचला असता, तर मूळ वेग किती. तू लिहिलंयस "समजा वेग क्ष" आणि तिथेच थांबलास. सगळे तिथेच थांबतात कारण क्ष लिहिला की डोकं बंद पडतं, आकडा असला की चालतं. मग आकडाच घे ना! समजा वेग १० आहे. मग वेळ किती लागेल, ६० भागिले १० म्हणजे ६ तास. जास्त वेगाने, म्हणजे १३ ने, ६० भागिले १३, साधारण ४ तास ३७ मिनिटं. फरक १ तास २३ मिनिटं आला, आपल्याला १ तास हवा होता, म्हणजे १० चुकलं. २० घेऊन बघ, ३ तास आणि साधारण २ तास ३७ मिनिटं, फरक फक्त २३ मिनिटं. म्हणजे उत्तर १० आणि २० च्या मध्ये कुठेतरी आहे आणि १० च्या जास्त जवळ आहे.

हे करताना तू काय केलंस बघ. ६०/१० मधून ६०/१३ वजा केलं आणि ते १ येतंय का ते बघितलं. आता १० खोड आणि तिथे क्ष लिही, १३ खोड आणि क्ष + ३ लिही:

६०/क्ष − ६०/(क्ष + ३) = १

झालं समीकरण. शाब्दिक उदाहरणांसाठी मला यापेक्षा भरवशाची युक्ती माहीत नाही, वय असो, टाकी भरणं असो, आयताची लांबी-रुंदी असो, आधी एक चुकीचं उत्तर घेऊन ते तपासायचं आणि तपासताना ज्या पायऱ्या केल्या त्याच क्ष घालून लिहायच्या. वर फुकटात अंदाजही मिळतो, पुढे उत्तर १२० आलं तर लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय.

पुढे दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + ३) ने गुणायचं, आणि इथे हमखास होणारी चूक म्हणजे उजवीकडचा १ तसाच राहतो. त्या १ लाही गुणायचंय. ६०(क्ष + ३) − ६०क्ष = क्ष(क्ष + ३), डावीकडे फक्त १८० उरतात, म्हणून क्ष² + ३क्ष − १८० = ०. आता १८० चे असे दोन अवयव हवेत ज्यांच्यात ३ चा फरक आहे. पोरं १ × १८० पासून सुरू करतात, २ × ९०, ३ × ६०, आणि कंटाळतात. फरक लहान हवा असेल तर वर्गमुळाजवळ शोधायचं, १८० चं वर्गमूळ १३ च्या थोडं पुढे आहे, म्हणजे एक अवयव १३ च्या खाली आणि एक वर, १२ × १५, मिळालं. (क्ष + १५)(क्ष − १२) = ०, वेग उणे नसतो म्हणून क्ष = १२. ताळा: ६०/१२ = ५, ६०/१५ = ४, फरक १ तास. वहीत ताळा लिहायला अर्धं मिनिट लागतं, लिही.

जाता जाता एक गंमत. ते −१५ आपण टाकून दिलं, पण ते उगाच आलेलं नाही, १५ हा तर वाढवलेला वेग आहे. समीकरणात क्ष च्या जागी −१५ घालून बघ, −४ + ५ = १, बरोबर येतं. म्हणजे समीकरणाला काहीच चुकीचं दिसत नाही, वेग धन हवा ही अट आपल्या गोष्टीत आहे, समीकरणात ती आपण लिहिलेलीच नाही. टाकलेल्या उत्तराकडे कधीतरी असं बघायला मजा येते.

अवयव सापडतच नसतील तर किती वेळ शोधायचे, हाही प्रश्न असतो. माझं उत्तर, आधी विवेचक काढ, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० मधला ब² − ४अक. इथे ३² + ४ × १८० = ७२९, तो २७ चा वर्ग, म्हणजे अवयव सरळ पडणार हे आधीच कळतं. क्ष² + ५क्ष + ३ मध्ये विवेचक १३, पूर्ण वर्ग नाही, तिथे पूर्णांकातले अवयव शोधत बसणं म्हणजे वेळ फुकट, सरळ वर्गसमीकरणाचं सूत्र वापर.

आणि सूत्र पाठ असलं तरी ते येतं कुठून हे एकदा बघच, कारण नुसतं पाठ केलेलं ऐन परीक्षेत दगा देतं. आपले जुने गणिती भास्कराचार्य, त्यांनी त्यांच्याही आधीच्या श्रीधराचार्यांच्या नावाने एक रीत दिलीये, मला ती फार आवडते. ३क्ष² + ५क्ष − २ = ० घे. पूर्ण वर्ग करायला गेलं की ५/३, ५/६, २५/३६ असे अपूर्णांक सुरू होतात आणि तिथे पोरं गळतात. श्रीधराचार्यांची रीत सांगते, आधी वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, म्हणजे १२ ने. ३६क्ष² + ६०क्ष − २४ = ०. ३६क्ष² + ६०क्ष हा (६क्ष + ५)² चा भाग आहे, फक्त २५ कमी आहेत, म्हणून दोन्हीकडे २५ मिळवले की (६क्ष + ५)² = ४९. ६क्ष + ५ = ७ किंवा −७, क्ष = १/३ किंवा −२. एकही अपूर्णांक मध्ये आला नाही. हेच अक्षरं घेऊन केलंस की तुझं नेहमीचं सूत्र तयार होतं, आणि सूत्रात खाली २अ का असतो तेही दिसतं.

आता चिन्हं चुकण्याबद्दल. "काळजीपूर्वक कर" असं सगळे सांगतात, त्याचा शून्य उपयोग आहे, कारण चूक करताना आपण चूक करतोय हे कोणालाच माहीत नसतं. तुझ्या जुन्या वह्या काढ आणि दहा चुका शोधून एका पानावर लिही. मी पैजेवर सांगतो, दहाच्या दहा वेगळ्या नसतील, दोन-तीनच प्रकार परत परत येत असतील. बहुतेकांचं कंसाआधीचं उणे चिन्ह असतं, ७ − (क्ष − ४) चं ७ − क्ष − ४ होतं. काहींचं (अ + ब)² = अ² + ब². काही जण (क्ष + ६)/६ मधले ६ काटून क्ष लिहितात. शंका आली की आकडे घालून बघ, अ = २, ब = ३ घेतलं तर एकीकडे २५ आणि दुसरीकडे १३, विषय संपला. फक्त ० आणि १ घालू नकोस, ते फार गरीब आकडे आहेत, ब = ० घातलं तर चुकीचं सूत्रही बरोबर दिसतं.

दोन चुका मात्र अशा आहेत ज्या हुशार मुलंही करतात. क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडे क्ष ने भागून क्ष = ५ लिहितात आणि क्ष = ० गायब होतो. ज्याने भागतोय ते शून्य असू शकतं का हे विचारल्याशिवाय चलाने भागायचंच नाही, एका बाजूला आणून अवयव पाडायचे. दुसरी याच्या उलटी. √(२क्ष + ३) = क्ष मध्ये वर्ग केला की क्ष² − २क्ष − ३ = ०, उत्तरं ३ आणि −१, आणि दोन्ही खाली लिहून मोकळे. −१ मूळ समीकरणात घाल, डावीकडे १, उजवीकडे −१, बसत नाही. वर्ग केल्यावर चिन्हाची माहिती पुसली जाते म्हणून असा पाहुणा येतो, आणि त्याला ओळखायला मूळ समीकरणातच ताळा करावा लागतो, मधल्या ओळीत केलेला ताळा इथे चालत नाही.

चल, भूमिती. तुझं दुसरं गणित: अबकड समांतरभुज चौकोन, म हा बाजू बक चा मध्यबिंदू, डम वाढवली तर ती वाढवलेल्या अब ला न मध्ये छेदते, सिद्ध करा अन = २अब. तू वहीत पक्ष (दिलेलं) आणि साध्य (सिद्ध करायचं ते) लिहिलंस, आकृती काढलीस आणि मग समांतरभुज चौकोनाचे सगळे गुणधर्म एकाखाली एक लिहिलेस. समोरासमोरच्या बाजू समान, समोरासमोरचे कोन समान, कर्ण एकमेकांना दुभागतात. सगळं खरं, पण कर्णांचा इथे काय संबंध? याला मी अंधारात दगड मारणं म्हणतो.

भूमितीत उलटं चालायचं, साध्यापासून मागे. कच्च्या पानावर असं लिही: मला अन = २अब हवंय. अन म्हणजे अब + बन, म्हणून बन = अब मिळालं तरी पुरे. पण अब तर डक एवढी आहे, ते फुकट मिळालंय, म्हणून बन = डक मिळालं तरी पुरे. दोन रेषाखंड समान दाखवायचे तर ते कुठल्या दोन त्रिकोणांत बसतात? बन बसतो △बमन मध्ये, डक बसते △कमड मध्ये. हे दोन एकरूप आहेत का? म ला विरुद्ध कोन समान. म मध्यबिंदू म्हणून बम = कम. अजून एक हवं. अब ∥ डक आहे, बक छेदिका आहे, म्हणून ∠मबन आणि ∠मकड हे व्युत्क्रम कोन समान. कोबाको, म्हणजे कोन-बाजू-कोन कसोटीने एकरूप. संपलं.

आता हेच खालून वर लिही, म्हणजे आधी तीन गोष्टी, मग एकरूपता, मग बन = डक, मग अन = २अब. पुस्तकात तुला फक्त ही सुलट प्रत दिसते, म्हणून वाटतं की लिहिणाऱ्याला देवाने येऊन सांगितलं. त्याने कच्चं पान फाडून टाकलंय एवढंच.

मागे येताना पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे साध्याच्या चेहऱ्यावरूनच बरंच कळतं. लांबी समान दाखवायची असेल तर एकरूप त्रिकोण किंवा समद्विभुज. गुणाकार किंवा गुणोत्तर दिसलं, अब × कड = पक × रस असलं काही, तर जवळजवळ नेहमी समरूपता, ते गुणोत्तरात लिहायचं आणि अक्षरं वाचून त्रिकोण शोधायचे. वर्गांची बेरीज म्हणजे पायथागोरस. स्पर्शिका दिली की केंद्र आणि स्पर्शबिंदू जोडायचे, डोळे झाकून, कारण ९० अंश मिळतात. जीवा दिली की केंद्रातून लंब टाकायचा, ती दुभागली जाते. एका बाजूचा मध्यबिंदू दिला असेल तर दुसरा मध्यबिंदू शोधायचा किंवा मध्यगा तेवढीच पुढे वाढवायची. रचना म्हणजे जादूची रेघ नव्हे, जे प्रमेय वापरायचंय त्याचा जो तुकडा आकृतीत कमी आहे तो आपण भरतो.

आकृतीबद्दल मी जरा कडक आहे. मोठी काढायची, अर्धं पान. आणि दिलेलं नसेल तर ती खास करायची नाही, नुसता "त्रिकोण" म्हटलंय तर समभुज काढू नकोस, नाहीतर डोळे फसतात आणि मध्यगाच लंब आहे असं गृहीत धरून तू दहा ओळी लिहितोस. दिलेली समान बाजू, समान कोन लगेच खुणा करून दाखव, आणि जे सिद्ध करायचंय त्याला वेगळ्या रंगाची खूण, म्हणजे चुकून तेच वापरलं जात नाही. साध्य वापरूनच साध्य सिद्ध करणं ही चूक वाटते त्यापेक्षा फार जास्त होते.

एकरूपतेत बाकोबा (बाजू-कोन-बाजू) मधला कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा, हे सगळ्यांना पाठ असतं पण का ते विचारलं की शांतता. समद्विभुज त्रिकोण घे, अब = अक. पाया बक वर मध्यबिंदू सोडून कुठेही ड घे आणि अड जोड. △अबड आणि △अकड मध्ये अब = अक, अड सामाईक, ∠ब = ∠क. दोन बाजू आणि एक कोन समान आहेत, आणि तरी एक त्रिकोण मोठा, एक लहान. हे एकदा स्वतः काढलंस की परत ती चूक होणार नाही.

समरूपतेत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी. △अबक मध्ये ड बाजू अब वर, इ बाजू अक वर, डइ ∥ बक, अड : डब = २ : ३. डइ : बक किती? निम्मा वर्ग २ : ३ सांगतो. समरूप त्रिकोण अडइ आणि अबक आहेत, त्यांच्या बाजू अड आणि अब, म्हणजे २ : ५. डब हा कुठल्याच त्रिकोणाची पूर्ण बाजू नाहीये. आणि क्षेत्रफळ विचारलं तर ४ : २५, तिथे परत निम्मे २ : ५ वर थांबतात. समरूपता लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम नीट लिहिलास तर गुणोत्तरं आकृती न बघता अक्षरांवरूनच वाचता येतात, म्हणून त्या क्रमाला आळस करू नको.

अजून एक, नेमकं काय विचारलंय ते बघ. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० आणि परिमिती २२, क्षेत्रफळ काढा. सगळे बाजू काढायला धावतात, वर्गसमीकरण मांडतात, ६ ± √१४ असलं काहीतरी येतं, घाबरतात आणि गणित सोडून देतात. पण बाजू कोणी मागितल्यात? क्षेत्रफळाला दोन बाजूंचा गुणाकार पुरतो. बेरीज १२, वर्गांची बेरीज १००. १४४ − १०० = ४४ म्हणजे गुणाकाराची दुप्पट, गुणाकार २२, क्षेत्रफळ ११. दोन ओळी.

घरी बसताना माझा नियम सांगतो. एका गणिताला पंधरा-वीस मिनिटं प्रामाणिकपणे द्यायची, त्यात मार्जिनमधलं ते वाक्य लिहिलं गेलंच पाहिजे. मग उत्तर बघायचं असेल तर वरून कागद झाकून एकच ओळ बघायची, परत स्वतः प्रयत्न. पूर्ण बघावं लागलं तर बघ, पाप नाही, पण दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर काहीही न बघता. जमलं तर आलं, नाही जमलं तर कालचं "समजलं" खोटं होतं. फोटो काढला की उत्तर देणारी अ‍ॅप आणि एआय आता सगळ्यांच्या हातात आहेत, वापरू नको म्हणून तू ऐकणार नाहीस, मग असं वापर: पूर्ण उत्तर मागण्याऐवजी तुझंच वाक्य टाईप करून फक्त एक हिंट माग, आणि जे मिळेल त्याचा ताळा स्वतः कर, कारण तीही चुकतात आणि इतक्या आत्मविश्वासाने चुकतात की बघत राहावं, विशेषतः आकृती वाचताना.

आता तुझ्याच चौकोनात एक काम देतो. कर्ण अक काढ, तो डम ला प मध्ये छेदतो, अप : पक किती ते काढ. साध्यात गुणोत्तर आहे, म्हणजे कुठे बघायचं ते तुला कळलंच असेल. दोन वेगवेगळ्या त्रिकोणांच्या जोड्या सापडतील, एक न वापरून आणि एक न शिवाय, आणि दोन्हीतून उत्तर एकच यायला हवं. अडलास तर नुसतं "येत नाही" लिहून पाठवू नकोस, ते मार्जिनमधलं वाक्य पाठव.